पटाला लागलेली लंडनची हवा

आमच्या भाऊजींनी लंडन पाहिलं होतं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. जर्मनीशी झालेल्या पहिल्या लढाईत ते सरकारच्या खेचरांच्या तुकडीत भरती झाले, आणि लढाई संपल्यावर विजयाच्या मिरवणुकीसाठी त्यांच्यातल्या काही जणांना लंडनला नेऊन ठेवलं. एवढं मोठं शहर, राजाचा महाल, नदीवरचे पूल. पण भाऊजींच्या डोक्यात राहिली ती फक्त खेळाची मैदानं. त्यांच्यावरचा गोरा सार्जंट खेळाचा नादी होता. सुटी मिळाली की तो यांना कुठल्या ना कुठल्या मैदानात नेऊन बसवायचा.

सौंदडच्या स्टेशनावर छोट्या गाडीतून उतरून घरी आले त्या दिवसापासून भाऊजींनी मैदानं सांगायला सुरुवात केली. ऐकणारा जणू उद्याच बैल जुंपून लंडनला निघणार आहे, अशा थाटात सांगायचे. चेंडू लाथाडायच्या मैदानात जायचं तर लवकर जावं, कारण तिथं मातीच्या उतारावर उभं राहावं लागतं आणि मागे राहिलं तर पुढच्याच्या टोपीशिवाय काही दिसत नाही. बॅट-बॉलच्या मैदानात मात्र घाई करू नये. तो खेळ संपतच नाही, लोक मध्येच जाऊन चहा पिऊन येतात तरी खेळ आपला तिथल्या तिथेच. एका मोठ्या हॉलमध्ये भरदिवसा विजेचे दिवे लावून दोन माणसं एकमेकांना ठोसे मारतात, तिथं पहिल्या रांगेत बसू नये, घाम अंगावर उडतो. आणि एक पांढरं मैदान आहे, परातीसारखं गोल, चारी बाजूंनी पायऱ्याच पायऱ्या. तिथं सावलीची बाजू धरून बसावं. आमचा सालदार धान मळता मळता हे सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, बरं झालं सांगितलं, नाही तर मी उन्हातच बसलो असतो.

गावाला या मैदानांचा लवकरच कंटाळा आला. भाऊजी पारावर येताना दिसले की लोकांना एकदम कामं आठवायची. माझीही तीच गत होती. पण एकदा मी जेवायला वाढत असताना ते बोलता बोलता म्हणाले, की तिथं बायाही येतात, पुरुषांच्या शेजारी बसतात, टोपीत पिसं खोवून येतात आणि ओरडायला पुरुषांच्या वरचढ असतात. माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"बाया?" मी विचारलं.

"हाव वयनी. पुढच्या रांगेत. राणी सुद्धा येते."

त्या दिवसापासून लंडनची मैदानं गावात एकटी मीच लक्ष देऊन ऐकू लागले.

त्याचं कारण सांगते. आमच्याकडे धानाची मळणी आटोपली की शंकरपट भरतो. कापणी झालेल्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांमधून, दोन लांब पट्ट्या सारख्या करतात, हलक्या छकड्यांना बैल जुंपतात आणि दोन-दोन जोड्या एकदम सोडतात. आसपासची गावंच्या गावं लोटतात. घराघरांत पाहुणे उतरतात, आणि पाहुण्यांच्या गर्दीत सोयरिकीही जमून जातात. हे सगळं पुरुषांचं. बायांचा पट चुलीपुढे. भाताच्या हंड्या, लाखोळीच्या डाळीचे वडे, उष्ट्या पत्रावळींचे ढीग, आणि वर पाहुण्यांच्या बायकांची उणीदुणी. पट बघायला बायांनी जायची रीतच नव्हती, आणि मालगुजाराच्या सुनेने तर नावच काढू नये. माझे सासरे, म्हणजे मामाजी, आमच्या गावचे मालगुजार होते, गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार. लग्न होऊन आल्यापासून मी पट फक्त कानांनी पाहिला. गलका उठला की समजायचं, जोडी सुटली. गलका थांबला की समजायचं, पोचली.

आणि त्या पटात माझी जोडी धावायची. माझी म्हणजे मामाजींच्या गोठ्यातलीच, पण वाढवलेली मी. एक पांढरा, एक कबरा. पांढऱ्याची आई तो जन्मला तेव्हाच गेली. सासू म्हणाली, जगत नाही हा. मी त्याला भाताची पेज बोटांनी चाटवून जगवला. कबरा त्याच्याच वयाचा, आयता दूध पिणारा, पण पेजेचा वास आला की तोही नाक खुपसायचा. मग दोघांना एकाच गंजातून पाजायची. मोठे झाले, शिंगं आली, तरी मी गोठ्याच्या दारातून "यो रे यो, यो रे यो" अशी हाक मारली की दावं तोडायला बघायचे. छकडी हाकायला आमचे हे बसायचे, म्हणजे माझे यजमान. पट आटोपून घरी आले की मी विचारायची, कशी धावली? हे म्हणायचे, चांगली धावली. झालं. यापुढे एक शब्द नाही. भाऊजींना चार मैदानं पाहून वर्षभर पुरलं, आणि यांना सहा पट जिंकून दोन शब्द सापडले नाहीत.

त्या वर्षी तर माझा जीवच वर-खाली होऊ लागला. माझ्या नणंदेचं लग्न ठरलं होतं, वैशाखात होणार होतं, आणि मामाजींनी जावयाला ही जोडी आंदण म्हणून कबूल केली होती. म्हणजे या पटानंतर जोडी परगावी जाणार. मी वाढवलेले बैल धावताना एकदाही न पाहता मला त्यांना ओवाळून वाटेला लावावं लागणार होतं. ते मला सोसवत नव्हतं. मी भाऊजींना गाठलं.

"भाऊजी, तुमच्या लंडनसारखं मैदान इथं काऊन नाही होत?" मी म्हटलं.

एवढंच हवं होतं त्यांना. घोड्याला नुसता इशारा. त्याच दुपारी त्यांनी अंगणातल्या मातीत काडीने नकाशा काढला. पट्टीच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या, पायऱ्यांवर लोक, आणि एका बाजूला बायांची जागा. मामाजींनी नकाशा पाहिला आणि बायांची जागा जोड्याने पुसून टाकली. भाऊजींनी राणीचा दाखला दिला. मामाजी म्हणाले, राणीला घरी स्वयंपाक नसतो.

शेवटी राणीने नाही, मामाजींच्या डोळ्यांनीच काम केलं. त्यांना लांबचं नीट दिसेनासं झालं होतं. पट त्यांच्या गावचा, पण दोन-तीन वर्षांपासून ते पट्टीच्या काठाला बाजेवर बसून पाहुण्यांच्या पागोट्यांच्या पाठी बघायचे आणि कोण जिंकलं ते शेजारच्याला विचारायचे. उंच पायरीवर सगळ्यांच्या वर बसता येईल, समोर कोणी येणार नाही, हे भाऊजींनी दोन-चार दिवस त्यांच्या कानी घातलं. मामाजी विरघळले. बायांसाठीही हो म्हणाले, पण अट घातली. बाया पुरुषांच्या जवळपास नकोत. पट संपतो त्याच्याही पलीकडे, अगदी टोकाला त्यांची पायरी, आणि पुढे कापडाचा आडोसा. ही अट त्यांनी मला ऐकवली नाही. आमच्या घरात सासरा सुनेशी सरळ बोलत नसे. मी समोर उभी असले तरी मामाजी सासूला म्हणायचे, तिले सांग पाणी आण म्हणा, आणि मी सासूने सांगायच्या आत पाणी आणायची.

आता पायऱ्या कशाच्या करायच्या? चिचगडच्या जंगलात बांबू पुष्कळ, पण आणायचे म्हणजे परवाना आणि गाडीभाडं, मामाजी त्याला कुठले तयार. मग भाऊजींच्याच डोक्यात आलं. घरोघरी तणसाचे ढीग पडले होते. धान झोडून उरलेलं तणस, सोनेरी, कोरडं, गादीसारखं मऊ. तणसाचे भारे बांधून एकावर एक रचले की पायऱ्या तयार. लंडनच्या लोकांच्या बुडाखाली थंडगार दगड असतो, आपल्या लोकांच्या बुडाखाली गादी, असं भाऊजी छाती काढून सांगत फिरले. सगळ्या गावाने भारे दिले. दोन्ही बाजूंना पुरुषांच्या पायऱ्या उभ्या राहिल्या, टोकाला आमची लहानशी पायरी आणि तिच्यापुढे जुन्या धोतरांचा पडदा. बघणाऱ्याला वाटावं, गावाने पीक कापायच्या ऐवजी रचूनच ठेवलंय. त्यात कोणाला काही चुकलं असं वाटलं नाही. मलाही नाही. बैलांच्या शर्यतीला बैलांच्या वैरणीचं मैदान बांधणारं आमच्यासारखं दुसरं गाव नसेल.

पटाच्या दिवशी भाऊजी खाकी कोट घालून, गळ्यात शिटी अडकवून पहाटेपासून मैदानात. नियम लंडनचे. पट्टीच्या काठाला कोणीच उभं राहायचं नाही, सगळ्यांनी पायरीवर बसायचं. तणसाला आग लागेल म्हणून विडी ओढायची नाही. पाहुण्यांनी पहिला नियम हसत मानला, दुसऱ्याने मात्र गाव सोडायची वेळ आली. विडीशिवाय पट कसला, म्हणून एक म्हातारे पाहुणे बैल जुंपून परत निघाले होते, त्यांना समजावून तंबाखूच्या चिमटीवर आणलं. मामाजी सगळ्यांत वरच्या पायरीवर, पांढरं पागोटं बांधून, हातात काठी. मी आणि बायांनी रात्र संपायच्या आत स्वयंपाक उरकला होता. टोकाच्या पायरीवर जाऊन बसले तेव्हा हातांना हळदीचा वास तसाच होता. पडद्याला एक भोक पाडून ठेवलं होतं, ते मी कोणाला दिलं नाही.

पहिल्या दोन जोड्या सुटल्या. मला समोरून दिसत होत्या. थोडं अंतर चांगल्या आल्या, आणि मग काय झालं कोणाला कळेना. दोन्ही जोड्या हळू पडल्या, माना वळवल्या आणि एक डावीकडे, एक उजवीकडे निघाली. छकड्यांवरचे धुरकरी कासरे ओढून ओढून उलथे पडायला आले. बैल शांतपणे पायऱ्यांपाशी गेले आणि तणस खाऊ लागले. शेजारच्या गावचे पाटील खालच्या पायरीवर बसले होते. बैलांनी त्यांच्या खालचा भारा ओढायला सुरुवात केली, आणि पाटील बसल्या जागी हळूहळू खाली येऊ लागले. उठावं तर मान जातो, बसावं तर पायरी जाते. हसून हसून आम्हा बायांच्या डोळ्यांना पाणी आलं.

दुसऱ्या जोड्यांचं तेच. तिसऱ्यांचं तेच. भाऊजी शिटी फुंकत धावत होते, पण शिटी बैलांना काय कळणार. इतकी वर्षं लोक पट्टीच्या दोन्ही काठांना खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. बैलांना माणसांच्या दोन भिंती आणि समोरची वाट, याखेरीज काही दिसायचंच नाही, म्हणून ते नाकासमोर धावायचे. आता भिंती उठून वर जाऊन बसल्या होत्या, आणि खाली दोन्ही बाजूंना जेवण वाढून ठेवलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं कोणी तरी मोठ्याने म्हणालं. वर बसलेल्या मामाजींचा चेहरा मला एवढ्या लांबूनही दिसत होता. त्यांच्या गावचा पट, परगावचे पाहुणे, होणारे व्याही, आणि सगळे पोट धरून हसताहेत.

मग आमची जोडी आली. पांढरा आणि कबरा, शिंगांना गेरू, पाठीवर झुली नाहीत, नुसती चकाकणारी कातडी. छकडीवर हे. जोडी सुटली. इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं, आणि आजही ते तसंच लिहिते. पुढचे पाय एकदम पडत होते, मागे धुळीचा लोट, आणि यांची पाठ धनुष्यासारखी वाकलेली. घरात जो माणूस दोन शब्दांवर तिसरा खर्च करत नाही, तो तिथं घसा फोडून ओरडत होता. मी ते भोकातून बघत होते, आणि तेवढ्यात अर्ध्या वाटेवर कबऱ्याची मान वळली. पांढऱ्याचीही वळली. पाय हळू पडले. दोघेही तणसाकडे बघत होते.

माझी जोडी मी पहिल्यांदा आणि शेवटची बघतेय, आणि ती पायरी खात उभी राहणार! मला ते सहन झालं नाही. मी काही विचार केला असं म्हणणार नाही. मी उठले, पुढचा पडदा दोन्ही हातांनी खाली ओढला आणि सगळ्या पायऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "यो रे यो! यो रे यो!"

दोन्ही माना सरळ झाल्या. कान उभे राहिले. मग ते धावले, आणि असे धावले की आधी पाहिलेल्याला मी धावणं म्हणणारच नाही. शेजारची जोडी केव्हाची पायरीला लागली होती, तिच्याकडे कोणी बघितलं नाही. पट संपायची झेंडी ओलांडली, तरी ते थांबले नाहीत. छकडीसकट, यांच्यासकट, सरळ माझ्याकडे आले. बाया किंचाळत दोन्हीकडे पांगल्या. मी जागची हलले नाही. पांढऱ्याने धापा टाकत माझ्या पोटात नाक खुपसलं, कबऱ्याने माझ्या पदराचं टोक तोंडात धरलं. पेज कुठाय, असं विचारत होते.

"तूच हाकत होतीस त मले कायले बसवलं?" हे छकडीवरून म्हणाले.

मी हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की बाकी कोणी हसत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या डोक्यावर पदर नव्हता, तो कबऱ्याच्या तोंडात होता. मालगुजाराची सून, सासऱ्यासमोर, व्याह्यांसमोर, शेकडो पुरुषांसमोर गुराख्यासारखी ओरडली होती. मामाजी वरच्या पायरीवरून उतरले आणि कोणाशी न बोलता घरी गेले.

त्या दिवशी पट पूर्ण केलेली जोडी एकच, त्यामुळे मान आमच्या घरालाच मिळाला, पण घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही. मामाजी मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आता सासूमार्फतही बोलेनात. पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचे. मी समोर आले की मान फिरवायचे. महिने गेले. वैशाखात नणंदेचं लग्न झालं. मी जोडीच्या शिंगांना तेल लावलं, ओवाळलं, आणि रडू आलं ते नणंदेच्या रडण्यात मिसळून टाकलं. आंदणाची जोडी तिच्या मागोमाग गेली. भाऊजींनी लंडनचं बोलणं सोडून दिलं, उरलेल्या पायऱ्या गावच्या गुरांनी पावसाळाभर खाल्ल्या. मला भाऊजींची दया यायची. पण मामाजींच्या फिरवलेल्या मानेचं मला त्याहून जास्त लागायचं, कारण त्या घरात मला मुलीसारखं वागवलं होतं ते त्यांनीच. न बोलताही वागवता येतं, ते त्यांना येत होतं.

पुन्हा धान निघालं, पुन्हा थंडी पडली. एका संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जावई एकटेच बैलांची रेंगी हाकत आले. चहा झाला, गूळ-पाणी झालं, पण ते मुद्द्यावर येईनात. मामाजींनी दोनदा विचारलं, सगळं ठीक ना. मी आतल्या दाराच्या आड उभी होते, सासू उंबऱ्यावर बसली होती. शेवटी जावई म्हणाले, उद्या आमच्या गावी पट आहे.

"मंग?" मामाजी म्हणाले.

"जोडी धावत नाई मामाजी. उभी राहाते. आमी सगळं करून पायलं. शेपटी पिरगाळली, गूळ दाखवला. आता तुमच्या लेकीनंच मले पाठवलं." जावयांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "वयनीले पाठवा. तिच्या आवाजाशिवाय ते पाय उचलत नाईत."

मामाजींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, आता हे जावयालाही हाकलतात. माझे हे खांबाला टेकून उभे होते, ते जमिनीकडे बघत होते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

मामाजी सासूकडे वळले. इतक्या महिन्यांनी वळले.

"तिले सांग," ते म्हणाले, "उद्या मोठ्यानं ओरड म्हणा. मागच्या बारीले अर्ध्या वाटेवर आवाज देल्ला, एवढा उशीर नोको करू. आपल्या घरची जोडी हारली नाई पायजे."

सासूने निरोप सांगायला माझ्याकडे तोंड वळवलं. मी तिला बोलू दिलं नाही. दारातून पुढे झाले, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मामाजींना सरळ, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "ऐकलं मामाजी."